ससेपालनातील जीवनसत्त्वे : इयत्ता पहिली

पिंजरे लागले, दोन माद्या आणि एक नर आला. आता पशुखाद्याच्या दुकानात जाऊन व्हिटॅमिनचं लिक्विड मागा. बाटलीवर कोंबडा छापलेला असेल. असू द्या, त्याची हरकत नसते.

डोस झाकणभर लिहिला असेल तर पिण्याच्या पाण्यात दोन झाकणं घाला. लाडक्या मादीला तीन. पाण्याची चव बदलली की ती पाणी कमी पिते आणि पिल्लांना दूधही कमी पडतं. मग दूध वाढवायला वेगळी बाटली घ्या.

गाभण मादीकडे विशेष लक्ष पुरवा. ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडलं तर गर्भ जिरतात किंवा पिल्लं डोक्यात पाणी साचून जन्मतात. जास्त झालं तरी नेमकं हेच होतं. किलोभर खाद्यात सुमारे 10,000 युनिट पुरतात आणि चांगल्या पेलेटमध्ये ते आधीच घातलेले असतात. तरीही वरून लिक्विड द्या, शेजाऱ्याने सुचवलेली पावडरही द्या. नर दाखवल्यापासून 31 दिवसांनी विणीची पेटी रिकामी निघाली की नराला दोष द्यायला मोकळे.

‘ड’ तर सढळ हाताने घाला. जादा झालेल्या ‘ड’मुळे कॅल्शियम मूत्रपिंडात आणि महाधमनीत साचतं, पण ते वरून कुठे दिसतं?

‘क’ ससा स्वतःच्या यकृतात बनवतो. आपल्याला ते जमत नाही, तेव्हा लिंबू आपल्या पोह्यांवर पिळावं.

आता किळसवाणा धडा. निवांत वेळी मादी मान वळवून पोटाखाली तोंड घालते आणि मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घोसासारख्या चिकटलेल्या लेंड्या थेट गुदद्वारातून उचलून न चावता गिळते. आंधळ्या आतड्यातल्या जिवाणूंनी तयार केलेली ‘ब’ गटातली जीवनसत्त्वं आणि ‘के’ त्यांत असतात, तीही फुकट. फुकटच्या मालावर भरवसा ठेवू नये, म्हणून तिला ‘शी!’ करून हाकला आणि ‘बी-कॉम्प्लेक्स’ पाजा.

राहिलं ‘ई’. ते कमी पडलं की स्नायू दुबळे होतात, पिल्लं जन्मताच दगावतात. ते घालवायचं असेल तर खाद्याचं पोतं मे महिनाभर पत्र्याच्या शेडमध्ये उघडं ठेवा. खाद्यातलं तेल खवट झालं की ‘ई’ गेलंच समजा.

एवढं शिकूनही कुणाला पिल्लंच हवी असतील, तर पोत्यावरची तारीख वाचून ताजं खाद्य घ्यावं, वाळलं गवत भरपूर टाकावं आणि पशुवैद्याने लिहून दिल्याशिवाय बाटली घेऊ नये.