बाहेरचं तेवढं राहिलंय

गावाबाहेरच्या कुठल्याही एन.ए. प्लॉटिंगमध्ये हे गृहस्थ सापडतात. नाशिकला आहेत, साताऱ्याला आहेत, लातूरला एकेका गल्लीत दोन-दोन आहेत. बंगल्याला सात वर्षं झाली, मुलगी त्याच घरातून दहावी-बारावी उरकून इंजिनिअरिंगला गेली, पण पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीला अजून कठडा नाही. गॅलरीच्या कडेला काँक्रीटमध्ये रोवलेल्या लोखंडी पट्ट्या तेवढ्या उभ्या आहेत. त्यांच्यावरचा रेड ऑक्साईड कधीच उडाला आणि आता त्याच रंगाचा अस्सल गंज आलाय. गॅलरीत उघडणाऱ्या दाराच्या चौकटीवर स्क्रूंनी आवळलेलं एक ग्रिल आहे. पाहुण्यानं मान वर केली रे केली की गृहस्थ प्रश्नाची वाट न बघता सांगतात, "बाहेरचं तेवढं राहिलंय." यातला 'तेवढं' ते असा उच्चारतात की ऐकणाऱ्याला वाटावं, मिस्त्री नुसता चहाला गेलाय.

लोक म्हणतात माणूस आळशी आहे, नाहीतर पैसे संपले असतील. दोन्ही आरोप पुराव्यापुढे टिकत नाहीत. आळशी माणूस स्लॅबवर आळी बांधून तीन आठवडे पाणी साठवत नाही, आणि पहाटे उठून आळं कुठं फुटलंय ते बॅटरी मारून बघत नाही. यांनी बघितलंय. पैशाचं म्हणाल तर आत काळ्या ग्रॅनाइटचा ओटा आहे, हॉलला पी.ओ.पी. आहे, त्यात चार रंगांत उजळणारी लाइट आहे, आणि देवघराला सागवानी कोरीव दार आहे. या सगळ्याच्या हिशेबात बारा रनिंग फूट कठडा म्हणजे किस झाड की पत्ती. माझं म्हणणं वेगळं आहे. या घरात जे जे पूर्ण झालं, ते कोणीतरी दारात उभं राहून मागत होतं म्हणून झालं. कठडा मागायला दारात कोणी उरलं नाही.

मागणारे कोण होते ते बघा. पहिली बँक. ती कर्ज एकदम देत नाही. जोतं झालं की एक हप्ता, स्लॅब पडला की दुसरा, वीटकाम-प्लास्टर झालं की पुढचा, आणि प्रत्येक वेळी तिचा माणूस येऊन फोटो काढतो. दुसरा आयकर. त्याच्या जुन्या पद्धतीत, कर्ज घेतलेलं आर्थिक वर्ष संपल्यापासून ५ वर्षांत बांधकाम पूर्ण झालं, तर राहत्या घराच्या व्याजावर २ लाखांपर्यंत वजावट मिळते. नाही झालं, तर ती ३० हजारांवर येते. या एका कलमानं महाराष्ट्रात जितक्या भिंती उभ्या केल्या असतील तितक्या गवंड्यांनीही केल्या नसतील. तिसरे गुरुजी: चातुर्मास लागायच्या आत वास्तुशांत, नंतर मुहूर्त नाही. आणि सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत मोठी, नगरपालिका. तिच्या भोगवटा दाखल्याशिवाय घरात राहायला जाणं नियमात बसत नाही.

दाखल्याचा दिवस हा या गृहस्थांच्या आयुष्यातला सर्वोच्च दिवस. आर्किटेक्टनं काम पूर्ण झाल्याचा कागद दाखल केलेला असतो, मग ज्युनिअर इंजिनिअर साहेब टेप घेऊन येतात. सामासिक अंतर मोजतात, पार्किंगची जागा बघतात, सेप्टिक टँकच्या झाकणावर बूट आपटतात. अंगणात नर्सरीतून आणलेली दोन झाडं असतात. मातीखाली त्यांच्या कुंड्या शाबूत असतात, कारण परत करायची बोली आहे. मग साहेब वर बघतात. गॅलरी म्हटली की कठडा हवा, यात नियमावलीला शंका नाही. राज्याच्या २०२०च्या एकत्रिकृत नियमावलीत हमीपत्रावर अंशतः भोगवट्याचीही सोय आहे, पण 'अंशतः' हा शब्द फ्रेममध्ये बरा दिसत नाही. तेव्हा आर्किटेक्टची बुद्धी कामाला येते: दारालाच ग्रिल ठोकायचं. जिथे जाताच येत नाही, तिथून पडणार कोण? तर्क बिनतोड आहे. सातासमुद्रापारही हाच चालतो. अमेरिकेतल्या निवासी इमारतींच्या नमुना संहितेनुसार ३० इंचांहून उंच डेकला ३६ इंचांचा कठडा लागतो. डेकच बांधून झाला नसेल तर तिथले घरमालकही मागच्या दाराला आडव्या पट्ट्या ठोकून तपासणी पार पाडतात. साहेब मान हलवतात, शिक्का बसतो, आणि घर कागदावर पूर्ण होतं. त्याच क्षणी चारही मागणारे फाटकाबाहेर पडतात.

यावर कोणी म्हणेल, ही सरळ फसवणूक आहे. नाही. फसवणूक शेजारी बघायला मिळते. तिथल्या मालकानं दाखला मिळाल्यावर पंधरा दिवसांत गॅलरी काचेनं बंद करून बेडरूममध्ये घेतली आणि सामासिक अंतरात पत्र्याची शेड टाकली. त्याचं घर नकाशापेक्षा जास्त आहे, यांचं कमी. नियमांना जास्तीचा राग. कमीचा तसा त्रास नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार. मागणारं कोणी उरलं नाही कसं? घरात बाई आहे ना! ती तर रोज मागते. "अहो, त्या कठड्याचं काय झालं?" हे वाक्य त्या घरात दुधाच्या पिशवीइतकं नियमित येतं. पण त्या मागणीला ना शेवटची तारीख, ना शिक्का, ना थांबवून ठेवता येण्याजोगा हप्ता. दाखला देण्याचा अधिकार तिला दिला असता, तर निम्म्या महाराष्ट्राच्या वास्तुशांती अजून व्हायच्या असत्या.

तिसऱ्या आक्षेपाला मात्र माझ्याकडे उत्तर नाही, इथे मी त्यांचं वकीलपत्र सोडतो. जिथे जाता येत नाही ते ठिकाण सुरक्षित, हे खरं. पण दिवाळीला आकाशकंदील गॅलरीतच लागतो. वसुबारसेला गृहस्थ पेचकस घेऊन ग्रिलचे चारही स्क्रू काढतात, वायर तोंडात धरून बिनकठड्याच्या कडेला वाकतात, आणि मागून बायको त्यांच्या शर्टाचं टोक मुठीत धरून उभी असते. तेवढी पाच मिनिटं त्या घराला कठडा असतो.

स्वतः गृहस्थांना विचाराल तर ते काम थांबलंय हे मान्यच करणार नाहीत. अभ्यास चालू आहे. स्टीलचा कठडा घ्यायचा तर ३०४ ग्रेडचाच, कारण २०२ला गंज लवकर धरतो, हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. फॅब्रिकेशनवाले ३०४ सांगून २०२ मारतात, म्हणून त्यांनी खिशात एक लोहचुंबक ठेवलाय. प्रत्येक दुकानात ते पाइपला चुंबक लावून बघतात. तो चिकटत नाही. ३०४ला चिकटत नाही आणि २०२लाही चिकटत नाही, त्यामुळे सात वर्षांत निकाल लागलेला नाही. घरी आले की ते चुंबक खिशातून काढतात आणि दारावरच्या त्या आत्तापुरत्या ग्रिलला लावून ठेवतात. ते साधं लोखंड आहे. तिथे तो घट्ट बसतो.