मागच्या सीटवरून वाशीम जिल्हा

समृद्धी महामार्गावरून वाशीम जिल्हा बघायची रूढ पद्धत एकच, ती म्हणजे झोपून. नागपूरहून निघालेली स्लीपर कोच रात्री कारंज्याच्या अंगाने जिल्ह्यात शिरते, मंगरूळपीर आणि मालेगाव तालुके ओलांडते आणि सव्वा-दीड तासात बुलडाण्याच्या हद्दीत जाते. तेवढ्या वेळात नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव आणि वाकाटकांची वत्सगुल्म नगरी दोन्ही मागे पडतात. प्रवाशाने कूससुद्धा बदललेली नसते. पोटातलं पाणी हललं नाही याचं श्रेय तो रस्त्याला देतो. ते अर्धंच खरं आहे. काँक्रीटच्या रस्त्याला वेडेवाकडे तडे जाऊ नयेत म्हणून सहसा दर साडेचार मीटरवर आडवा सांधा कापलेला असतो. ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने जाणारी गाडी सेकंदाला असे पाच सांधे तुडवते. आणि माणसाचं शरीर खालून येणाऱ्या ज्या थरथरीला सगळ्यांत जास्त कावतं ती सेकंदाला चार ते आठ वेळांची. म्हणजे रस्ता कितीही गुळगुळीत असला, तरी पोटातलं पाणी नेमकं हलावं अशीच त्याची मांडणी आहे. ते हलत नाही, कारण चाकाचा आस आणि प्रवाशाची गादी यांच्यामध्ये रबराचे चार-सहा फुगे बसवलेले असतात. गॅरेजच्या भाषेत बेलो. त्यांवर तोललेली बस सेकंदाला एखाद-दीड वेळ सावकाश डुलते. पाच वेळा ठोकणारा सांधा तिच्यापर्यंत पोचतच नाही. ट्रॅव्हल्सवाला तिकिटात एसी आणि चादर मोजून दाखवतो, पण खरी किंमत या कोंडलेल्या हवेची असते.

आता हाच जिल्हा जिल्ह्यातल्या माणसाने बघायचा झाला तर? तो शेलूबाजारला, नाहीतर मानोऱ्याला, अनसिंगला, रिसोडला लाल बशीची वाट बघतो. बस येते, पुढच्या सीटा भरलेल्या असतात आणि त्याच्या वाट्याला मागची येते. मागची सीट मागच्या चाकांच्याही मागे लोंबते, त्यामुळे चाक वीतभर उचललं की प्रवासी त्याहून जास्त उचलला जातो. पूर्ण भार पडला तरी बसू नयेत एवढे जाड पाटे जुन्या एसटीच्या खाली असतात. गाडी रिकामी असली की हे पाटे दबायलाच तयार नसतात आणि रस्त्यावरचा प्रत्येक गचका जसाच्या तसा वर पोचवतात. यातून एक चमत्कारिक निष्कर्ष निघतो. दुपारच्या रिकाम्या फेरीत खिडकीजवळ ऐसपैस बसलेला माणूस हाडं मोजत उतरतो, आणि रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेला दाटीवाटीत उभा राहून गेलेला माणूस तुलनेने मऊ प्रवास करून येतो. गर्दी हेच एसटीचं सस्पेन्शन आहे. महामंडळाने हे तिकिटावर छापायला हरकत नाही. हवेचा फुगा हेच काम गर्दीशिवाय करतो: भार वाढला की लेव्हलिंग व्हॉल्व्ह त्यात जास्त हवा सोडतो, उतारू उतरले की ती ‘फुस्स’ करून बाहेर काढतो, आणि बस रिकामी असो की भरलेली, डुलण्याची चाल जवळपास तीच ठेवतो.

माझं म्हणणं एवढंच की हवेची स्प्रिंग या जिल्ह्यात उलट्या जागी बसली आहे. गुळगुळीत रस्त्यावर निजलेल्याला ती मिळते, खडबडीत रस्त्यावर जागं राहण्यावाचून गत्यंतर नसलेल्याला मिळत नाही. यावर पहिला आक्षेप खर्चाचा. पण कॉम्प्रेसर लाल बशीत आधीपासूनच आहे! तिचे ब्रेक हवेवर चालतात. इंजिनवरचा कॉम्प्रेसर सात-आठ बारपर्यंत टाक्या भरतो, आणि सकाळी डेपोत चालक काटा चढायची वाट बघत थांबतो तो यासाठीच. स्प्रिंगसाठी या हवेतून फाटा काढायचा, फक्त आधी ब्रेकचं पोट भरेल आणि मग उरलेलं खाली जाईल असा व्हॉल्व्ह मध्ये हवा. फुगे, पाइप, व्हॉल्व्ह यांना पैसे पडतात हे खरं, पण हवेचं यंत्र आपण कधीचंच विकत घेतलेलं आहे आणि त्याने फक्त बस थांबवतो.

दुसरा आक्षेप सज्जन लोक घेतात: गाडीला फुगे लावण्यापेक्षा रस्ता का सुधारू नये? सुधारावाच. मात्र इथली काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देत आकसते. रस्ता नेमका या मातीवर टाकलेला असतो, आणि पाणी मुरायला वाट मिळाली की दरवर्षी तो तिच्याबरोबर उठतो-बसतो. म्हणजे सस्पेन्शन आहे, फक्त ते गाडीखाली असायचं ते रस्त्याखाली आहे. कारंज्याहून पूर्वी जाणाऱ्या अडीच फुटी रुळांच्या शकुंतला रेल्वेला हा प्रश्न कधी पडला नसावा. त्या वेगात गचकासुद्धा पूर्वसूचना देऊन यायचा.

खरी गंमत पिकअपची आहे. सोयाबीनच्या हंगामात सकाळी कट्टे, दुपारी वऱ्हाड आणि संध्याकाळी रिकामी, असे तीन अवतार ती एका दिवसात घेते, आणि पाटे मात्र फक्त कट्ट्यांसाठी घडवलेले. तिचे ब्रेक तेलावर चालतात, म्हणून इथे कॉम्प्रेसर वेगळाच बसवावा लागतो: बारा व्होल्टचा छोटा, बॅटरीवरचा. जागेवरून मालक आणि मिस्त्री यांच्यात मतभेद होतात. मालकाला तो चाकामागे, कोणाला न दिसेल असा हवा असतो, जिथे पहिल्याच पावसाळ्यात तो चिखल गिळून मौनात जातो. तो उंचावर हवा, आणि हवा ओढणारं तोंड फिल्टरसह धुळीपासून दूर, कारण मळणीच्या दिवसांत हवेत सोयाबीनचा भुसाच जास्त असतो. तो वीस-तीस अँपिअर खातो, म्हणून जाड वायर, रिले आणि बॅटरीलगत फ्यूज. हॉर्नच्या वायरीला जोडला तर वायर जळते. हवा दाबली की तापते, म्हणून थोडा वेळ चालवून थोडा वेळ विश्रांती द्यावी लागते, जी आपल्याकडे मशीनला कोणी देत नाही. दाबलेल्या हवेतला दमटपणा टाकीच्या तळाशी पाणी होऊन साचतो. ते नियमाने सोडायचं. डाव्या-उजव्या फुग्यांना स्वतंत्र नळ्या हव्यात. काटकसर करून दोन्ही एका नळीला जोडले, तर वळणावर जड बाजूची हवा हलक्या बाजूला पक्षांतर करते आणि गाडी आणखी कलते. शेवटी प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे. एवढं सगळं करूनही उंदराने नळी कुरतडली तर सकाळी गाडी पुन्हा पाट्यावर बसलेली सापडते, पण चालते. म्हणूनच पाटे काढायचे नसतात. फुगा हा त्यांचा मदतनीस.

तिसरा आक्षेप मात्र हसण्यावारी नेता येत नाही. ज्यादा भरलेल्या पिकअपचे पाटे बसतात, मागचा भाग रस्त्याला टेकायला येतो, आणि नाक्यावरच्या शिपायाला काही विचारावं लागत नाही. फुग्यात हवा भरली की तीच गाडी ताठ उभी राहते आणि निरागस दिसते. पण आस, टायर, ब्रेक यांची ताकद तसूभरही वाढलेली नसते. उलटलेल्या गाडीला हवेचा उपयोग नाही. कायदाही इथे कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने मंजूर करून घेतलेल्या गाडीत मनाने फेरफार करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. तेव्हा मिस्त्रीकडे जाण्याआधी एमएच-३७ च्या, म्हणजे वाशीमच्या आरटीओ कार्यालयात विचारून यावं हे बरं. तरीही आक्षेपाला उत्तर आहे, आणि ते त्याच यंत्रात आहे. फुग्यातला दाब भाराबरोबर वाढतो. गाडी एकदा रिकामी, एकदा मापाने भरून, उंची तीच ठेवून दोन्ही वेळचे आकडे टिपून ठेवले, की डॅशबोर्डवरचा हवेचा काटा अंदाजे वजनकाटा होतो. पाटा फक्त वाकून कुरकुरतो. हा आकड्यात बोलतो. तो शिपायालाही दिसेल असा लावायची सक्ती करावी. ती झाली तर पहिला विरोध मालवाहतूकदारांचा होणार नाही, आडत्यांचा होईल, कारण बाजार समितीच्या फाटकातून आत येतानाच शेतकऱ्याला आपल्या मालाचं वजन ठाऊक असेल.