कोंबडीची आघाडी

लोकसंख्येने देश बुडवला म्हणणाऱ्यांनी जरा खुराड्याकडे वळून पाहावं. १९५१ साली आपण ३६ कोटी होतो आणि देशात वर्षाला अंडी निघत सुमारे १८३ कोटी, म्हणजे माणशी पाच. आज आपण जेमतेम चौपट झालो. अंडी मात्र २०२३-२४ मध्ये १४,२७७ कोटी! पंचाहत्तर पटींच्याही वर. दोन्ही रेषा चढत्या दिसल्या की ‘माणसं वाढवा, अंडी आपोआप वाढतील’ असं सांगणारा अर्थतज्ज्ञही निघेलच. पिंजरे, लशी, संकरित जात, मका-सोयाबीनचं खाद्य या फालतू गोष्टी त्याच्या आलेखात बसत नाहीत.

बरं, पोल्ट्रीतली ही बाई वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते, तीही कोंबड्याचं तोंड न बघता. त्यातून पिल्लू निघायची सोय नाही. उत्पादन अफाट, जन्मदर शून्य. कुटुंबकल्याण खात्याने लाल त्रिकोणात हिचाच फोटो छापायला हवा होता.

२०२३-२४ मध्ये माणशी १०३ अंडी आली, असं सरकारी कागद म्हणतो. (त्यात माळकऱ्यांच्या नावची १०३ कोण खातं, हे कागद सांगत नाही.) पोषणतज्ज्ञ १८० मागतात. महाराष्ट्राने २०२३ च्या अखेरीस शाळकरी पोरांना आठवड्याला एक अंडं सुरू केलं आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला. हवं असेल त्या शाळांनी लोकवर्गणी काढावी म्हणे.