अळीपती

डोंबिवलीत छंदाला जागा कधीच नव्हती, पण त्यापायी छंद कुणाचा अडला नाही. एका पिढीने पोस्टाची तिकिटं जमवली, दुसरीने गॅलरीत बोन्साय वाढवले, तिसरीने दिवाणखान्यात फ्लॉवरहॉर्न मासा सोडला आणि त्याच्या कपाळावरच्या टेंगळावरून घराच्या भरभराटीचा अंदाज बांधला. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या पट्ट्यात आता चौथी पिढी अवतरली आहे. तिचा प्रतिनिधी ‘मी शॅमेलिऑन पाळतो’ असं सांगत फिरतो. वस्तुस्थिती निराळी आहे. शॅमेलिऑन एकच असतो, तोही दिवसाआड जेमतेम आठ-दहा किडे गिळणारा. ते कमी पडू नयेत म्हणून घरात हजारभर अळ्या नांदत असतात आणि याचा सगळा दिवस त्यांच्या सरबराईत जातो. लाख बाळगतो तो लखपती, तर हा अळीपती.

वय तिशीच्या अल्याड-पल्याड, नोकरी ऐरोलीला नाहीतर पवईला, लग्न ठरायचंय. बाजारात तो लगेच ओळखू येतो. “गाजरं कीड नसलेली बघून द्या हं,” असं तो भाजीवालीला बजावतो आणि घरी जाऊन तीच गाजरं किड्यांना घालतो. चक्कीवाल्याकडे पिशवीभर गव्हाचा कोंडा मागतो, तोही नीट निवडून. “आत पोरकिडे नकोत, भेसळ होते.” एवढा कोंडा कशाला, असं चक्कीवाल्याने विचारलंच, तर “घरात खाणारी तोंडं आहेत” एवढंच सांगतो. या घरात मधुमेह फार आहे, अशी चक्कीवाल्याची समजूत झालेली असते.

घरी पाहुणा गेला की पाण्याच्या आधी कागद येतो. “आपल्या रानातला नाही हं हा. तो 1972 च्या वन्यजीव कायद्यात संरक्षित आहे, पाळला तर आत जाल. हा व्हेल्ड शॅमेलिऑन. येमेन आणि सौदीकडचा.” मग वन्यजीवांच्या व्यापारावरचा ‘साइट्स’ करार, मग 2024 चे नोंदणीचे नियम, मग ‘परिवेश’ पोर्टलवर भरलेला अर्ज. त्या नोंदणीची प्रत लॅमिनेट करून काचेच्या कपाटात उभी असते. वडिलांनी हप्ते फेडून सोडवलेल्या घराचं शेअर सर्टिफिकेट अजून साडीच्या दुकानाच्या पिशवीत आहे.

पाहुण्याला कागदात रस नसतो. तो हळूच लाल उशी पिंजऱ्याजवळ धरून बघतो. काही होत नाही. अळीपती कीव करत हसतो. शॅमेलिऑन भोवतालचं पाहून रंग बदलत नाही. राग, भीती, ऊन, समोर आलेली मादी नाहीतर प्रतिस्पर्धी, यांपायी बदलतो. त्याच्या कातडीच्या पेशींत ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात, त्यांच्यामधलं अंतर कमीजास्त झालं की रंग पालटतो. हे 2015 साली जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं. हे व्याख्यान चालू असताना शॅमेलिऑन एक डोळा वक्त्यावर आणि दुसरा श्रोत्यावर ठेवून काळवंडत जातो. “मला बघितलं की असा होतो,” अळीपती अभिमानाने सांगतो. आपण जवळ गेलो की त्याला ताण येतो, त्याला हाताळलेलं आवडत नाही, हे अळीपतीला पाठ आहे. तरी प्रेम आहेच.

या प्रेमाचा भुर्दंड आई भरते. तिचा जन्म धान्य राखण्यात गेला. वर्षाचे गहू भरताना कडुनिंबाचा पाला घाल, डाळींना एरंडेल चोळ, तांदळाला बोरिक पावडर लाव. सगळा खटाटोप कोठीत किडा होऊ नये म्हणून. आणि मीलवर्म म्हणजे काय, तर साठवणीच्या धान्याची कीड म्हणून जगभर नाव काढलेल्या एका काळ्या भुंगेऱ्याची अळी. ती मुलगा मासे-पक्ष्यांच्या दुकानातून पैसे मोजून आणतो आणि ओट्सवर पोसतो. “बाबांना डॉक्टरांनी ओट्स सांगितले तेव्हा महाग म्हणालास,” आई आठवण करून देते. ज्या घरात अंडं कधी आलं नाही त्या घरात अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे आले, कारण अळ्यांना दडायला तेच आवडतात. फ्रिजमध्येही वाटणी झाली. मीलवर्म गारव्यात सुस्तावतात, त्यांची वाढ मंदावते, म्हणून ते श्रीखंडाच्या डब्यात घालून खालच्या कप्प्यात. झाकणाला भोकं असली तर ते श्रीखंड नव्हे, हा धडा घरातल्या प्रत्येकाने एकेकदा घेतलेला आहे. अंगाने थोराड असणारे सुपरवर्म मात्र फ्रिजमध्ये मरतात, त्यामुळे ते देवघराच्या खालच्या खणात, उबेला.

रात्री नऊच्या सुमारास हॉलमध्ये वर्तमानपत्र अंथरलं जातं. टीव्हीवर मालिका चालू असते, ती बघायला अळीपतीच्या पाठीवरून मान उंच करावी लागते. तो ट्रे काढतो, कोंड्यात बोटं घालतो, खालून बारीक सळसळ ऐकू येते. काळ्या पडलेल्या मेलेल्या अळ्या एकीकडे. नुकतीच कात टाकलेली पांढरीफेक अळी दुसरीकडे. तिची कातडी मऊ असते, पचायला हलकी. तळाशी साचलेली वाळूसारखी बारीक विष्ठा चाळणीने चाळायची. चाळणी अर्थात घरातलीच, आईने रवा चाळायला घेतलेली; तिने दुसरी आणून ती कुलपात ठेवली आहे. उद्या ज्यांचा नंबर आहे त्या अळ्यांना आदल्या दिवशी शेवग्याचा पाला मिळतो, म्हणजे त्यांच्या पोटातून तो शॅमेलिऑनच्या पोटात जाईल. शेवटी त्यांना कॅल्शियम पावडरमध्ये घोळवायचं. अळीत फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी, नुसत्या तशाच घातल्या तर शॅमेलिऑनची हाडं मऊ पडतात, जबडा वाकतो. वडिलांची कॅल्शियमची गोळी आज राहिली की काल, हे मात्र विचारायला सवड होत नाही.

एवढं करून शॅमेलिऑन कधीकधी उपोषणाला बसतो. रोज त्याच अळ्यांचा त्याला कंटाळा येतो. चिमट्यात धरलेली अळी वळवळते, तो एक डोळा फिरवून बघतो आणि तोंड वळवतो. घरी पिठलं केलं की ताट सरकवणारा अळीपती अशा वेळी कासावीस होतो. पाण्याचंही तेच. वाटीत ठेवलेलं पाणी बादशहा पीत नाहीत, पानावरचे थेंब चाटतात. म्हणून इस्त्रीच्या फवाऱ्याने दिवसातून दोन-तीनदा पिंजऱ्यातल्या मनीप्लांटवर पाऊस पाडायचा. सोसायटीत टँकर आला तरी त्या फवाऱ्यात फिल्टरचं पाणी.

पावसाळ्यात अळीपतीची खरी परीक्षा. कोंडा ओला झाला की बुरशी, बुरशी आली की बारीक कोळीकिडे, आणि सगळं खानदान साफ. त्यातच महापालिकेची धूरफवारणी. गाडीची घरघर ऐकू आली की सोसायटी भराभर खिडक्या उघडते, डास मरू देत म्हणून. एका घरातल्या खिडक्या बंद होतात, फटींत ओले टॉवेल कोंबले जातात, आणि घामाघूम झालेलं कुटुंब आत डासांसह बसून राहतं. वार्षिक सभेत पेस्ट कंट्रोलचा ठराव आला तेव्हा विरोधात एकच हात वर होता. सेक्रेटरींनी कारण विचारलं. “तत्त्वाचा प्रश्न आहे,” असं उत्तर मिळालं.

अळ्या फार झाल्या की वाटप. पूर्वी शेजारच्या वहिनी विरजण मागायला यायच्या, तसा आता कळव्याचा नाहीतर बदलापूरचा दुसरा अळीपती बीज मागायला येतो. भेट ठाण्याच्या फलाटावर, पुलाच्या जिन्याखाली. दोघे जण इकडेतिकडे बघत श्रीखंडाच्या डब्यांची अदलाबदल करतात आणि आपापली गाडी पकडतात.

पण ज्या गोष्टीने तो कायमचा गुंतला ती सुपरवर्मची रीत. ही अळी गर्दीत मोठीच होत नाही. भोवती भाऊबंद वळवळत असतात तोवर ती महिनोन्‌महिने अळीच राहते, कारण कोषात गेलेला जीव असहाय असतो आणि गर्दीत त्याला शेजारीच खाऊन टाकतात. तिला एकटीला बंद डबीत ठेवलं की आठ-दहा दिवसांत ती आकडा होऊन पडते, कोषात जाते, आणि आणखी दोनेक आठवड्यांनी आतून भुंगेरा निघतो. आधी फिकट, मग तांबूस, मग काळाकुळकुळीत. हे ज्ञान अळीपतीला डोंबिवलीच्या फास्ट लोकलमध्ये, एक पाय दुसऱ्याच्या बुटावर असताना झालं. आपल्या आयुष्याचं निदान कुणीतरी प्रथमच बरोबर केलं, असं त्याला वाटलं.

त्याच संध्याकाळी त्याने वडिलांची गोळ्यांची डबी उचलली. सोमवार ते रविवार. सकाळ, दुपार, रात्र. एकवीस कप्पे, प्रत्येकाला स्वतंत्र झाकण. एकेका कप्प्यात एकेक सुपरवर्म. वडील आता गोळ्या खिशात ठेवतात. वन बीएचके घरात आई-बाबा आणि आजी आत झोपतात, अळीपती हॉलमध्ये दिवाणावर, पाय शॅमेलिऑनच्या पिंजऱ्याखाली घालून. यूव्हीबी दिवा बारा तास लागतो, तो मालवल्यावरच त्याची रात्र होते.

परवा स्थळ आलं होतं, कल्याणचं. मुलगी बोलकी होती, शॅमेलिऑन बघून घाबरली नाही, अळ्या बघूनही नाही. तिच्या वडिलांनी सगळं सभ्यपणे पाहिलं, लॅमिनेट केलेला कागद दोन्ही बाजूंनी वाचला, पोहे संपवले आणि मुद्द्याचं विचारलं, “लग्नानंतर मुलांना स्वतंत्र खोलीची काही सोय?”

अळीपतीने उत्तराला तोंड उघडायच्या आत आईने पोह्यांची रिकामी बशी उचलली. “आमच्याकडे एकवीस जणांना स्वतंत्र खोली आहे हो,” ती म्हणाली, “एक हाच तेवढा राहिलाय.”