तुंबलं की नाना

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाचीही मोरी तुंबली की प्लंबरच्या आधी नाना हजर. आमंत्रण लागत नाही. जिन्यात "पाणी जात नाहीये हो" एवढं कानावर पडलं, की अर्धी विजार, गंजीफ्रॉक आणि हातात स्प्रिंग अशा थाटात ते दारात उभे. ड्रममध्ये वेटोळं घालून बसलेली पंचवीस फुटी पोलादी तार, तोंडाशी तिचंच फुगीर बोंड, मागे फिरवायचं हँडल. नाना बँकेत कर्जवसुलीला होते. अडकलेलं बाहेर काढायची खोड तिथलीच.

आधी वैद्यासारखी चौकशी. "नुसतं बेसिन की मोरीही? बुडबुडे येतात?" सगळंच तुंबलं असेल तर चोकअप पुढच्या लाइनीत, म्हणजे दोष आपल्या एकट्याचा नाही, म्हणून वहिनींचा जीव भांड्यात पडतो. मग कडक आवाजात, "ॲसिड ओतलंत का?" हो म्हटलं, की नाना उंबऱ्यावरूनच माघारी. तार फिरताना उडालेला थेंब डोळ्यात गेला तर?

नाही म्हटलं, की बेसिनखाली बादली सरकवून ते बॉटल ट्रॅप सोडवतात. त्यात काही सापडलं नाही तर त्यांचा चेहरा खुलतो. आता स्प्रिंग चालणार! भिंतीतल्या पाइपात तार सारायची, वीतभर बाहेर ठेवून स्क्रू आवळायचा, हँडल फिरवायचं, स्क्रू सैल करायचा, पुन्हा वीतभर. घरातला तरुण मदतीला सरसावून दणकून रेटू लागला, तर त्याच्या हातावर चापट बसते. "रेटलीस तर बाहेरच पीळ खाऊन दुमडेल. फिरव, आपसूक जाईल." डोळे मिटून ते हाताला लागेल ते सांगत असतात. "हा एल्बो... वळली... आणि हा, आला गुलाम!"

तार ओढली की टोकाला काळाभोर बोळा. इथून खरी पंचाईत. नाना तो वर्तमानपत्रावर पसरून पंचनामा करतात. शाम्पूच्या पुडीचा कोपरा, रबरबँड, टिकली. "सूनबाई, तुमच्यावर उगाच आळ. हे मेंदी लावलेले केस आहेत." सासूबाई दूध बघायला आत जातात.

मग चहा आणि व्याख्यान. १९३३ साली अमेरिकेत, आयोवा राज्यात, सॅम्युएल ब्लँक या गृहस्थानं मुलाच्या घरची तुंबलेली लाइन मोकळी करायला वॉशिंग मशीनची मोटर आणि स्केटची चाकं जोडून तार फिरवणारं यंत्र केलं. "पण मोटरवाल्यांना हाताखालचं काय कळणार?" असं म्हणून नाना त्याला निकालात काढतात, "बाकी मुलाची मोरी बापानंच काढायची, ही रीत तिकडेही तीच!" जाताना तार धुऊन, कोरडी पुसून, तेलाचा हात फिरवून ड्रममध्ये घालतात. स्वतःच्या चष्म्याचीही ते एवढी निगा राखत नाहीत.

पैशाला मात्र हात लावत नाहीत. फक्त संध्याकाळपर्यंत त्या बोळ्याची साद्यंत हकीकत कट्ट्यावर पोचलेली असते. हिशेब केला तर प्लंबर स्वस्त पडतो. तेव्हा मोरीवर जाळी बसवा आणि तुपकट भांडी आधी कागदानं पुसून मग घासा. पाण्याचं जाऊ द्या, अब्रू तरी राहील.