सुपाची काडी

ऐकलं का? एटापल्लीत, आमच्याच ओळीतल्या तीन घरांत, पाहुण्यांपुढे चिवड्याऐवजी काड्या ठेवताहेत. हो, काड्या! मैद्याच्या. पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब, वरून तीळ. पहिलं पाऊल कोणत्या सूनबाईंचं पडलं ते सांगणार नाही, मला त्यांच्या शेजारी राहायचंय.

“सूप स्टिक आहेत, घ्या ना,” म्हणत त्या सूनबाईंनी बशी पुढे केली. आजेसासूबाईंनी एक काडी उचलून उजेडात धरली. “सुपाची काडी? कोणाचं सूप उसवलं वो?” त्यांचं तरी काय चुकलं? आमच्याकडे सूप म्हणजे बुरडाने बांबूच्या पट्ट्यांचं विणलेलं, तांदूळ पाखडायचं. प्यायचं सूप लग्नाच्या बुफेत भेटतं, तेही पुढचा माणूस हलला तर. “अन् सूपच नाही तं काडी बुडवता कायच्यात?”

तिथून पेटलं. ही पोळी की बिस्कीट? हसू नका. बांबू झाड की गवत, यावर सरकार किती वर्षं घासाघीस करत होतं! 2006च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटलं, तरी आमच्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेच्या हाती वाहतूक परवान्यांचं पुस्तक पडायला 27 एप्रिल 2011 उजाडावा लागला. तेव्हा मैद्याच्या काडीचा निकाल एका चहात कसा लागेल?

पण खरा गुन्हा वेगळाच. सूनबाईंनी आठवडाभर मिरवलं ते ‘सिक्रेट’ निघालं अगदीच किरकोळ. दोन वाट्या मैदा, चमचाभर बेकिंग पावडर, अर्धा चमचा मीठ, तीन मोठे चमचे तेल, हातावर चोळलेला ओवा आणि लागेल तसं पाणी. यीस्ट नाही, म्हणून पीठ फुगायची वाट पाहणं नाही. घट्ट मळायचं, दहा मिनिटं झाकायचं, तळहाताखाली वळायचं. ओव्हन नसेल तर जाड कढईत मीठ पसरून वर जाळी, झाकण लावून दहा मिनिटं तापवायचं, मग तेलाचा हात लावलेल्या ताटलीत काड्या ठेवून मंद आचेवर पंचवीस-तीस मिनिटं. मध्ये एकदा उलटायच्या. बस्स! यावर एवढा तोरा?

एक मात्र कबूल करते. मी घाईघाईने अंगठ्याएवढ्या वळल्या, तर बाहेरून खरपूस अन् आत लगदा. बारीक वळली की आतलं पाणी उडतं, म्हणून ती मोडताना कट्ट वाजते. पावसाळ्यात डबा उघडा राहिला की संपलं, काडीची वात होते.

या काडीचं माहेर म्हणे इटलीतलं तुरीन. सतराव्या शतकात तिथल्या आजारी राजपुत्राला पचावी म्हणून दरबाराच्या भटारखान्यात पावाची अशी कडक कांडी निघाली, अशी दंतकथा आहे. म्हणजे मुळात दुखणाईताचं खाणं! आपण आजारी माणसाला टोस्ट देतो, ते घेऊन कोणी फोटो काढतं का?

आमच्या रोडग्याने काय कमी केलं होतं, हा माझा सवाल. गोवऱ्यांच्या आरात पोटभर राख खाऊन निघतो, तूप पितो, वरणात विरघळतो. पण त्याला अंगण लागतं, धूर लागतो, चार माणसं लागतात. काडीला गॅसचा एक कोपरा पुरतो. म्हणून तर चीड येते.

आणि शेजारचा पोट्टा? काडीने लाखोळीचं वरण ढवळून चाटतो, वरून जवसाच्या चटणीत खुपसतो. तुरीनच्या राजपुत्राने पाहिलं असतं तर पुन्हा अंथरूण धरलं असतं. मी चाखून पाहिलं, वाईट नाही लागत. हे तुमच्या-माझ्यात.

काल आजेसासूबाईंकडे गेले तर ओट्यावर गरम काड्या निवत घातलेल्या. कशात? सुपात! मला बघून म्हातारी म्हणते, “सुपाची काडी सुपात नाही तं कुठं ठेवू वो?”