वन-बीएचकेतला ऑर्केस्ट्रा

माझ्या लॅपटॉपमध्ये अख्खा सिंफनी ऑर्केस्ट्रा आहे, हे पाहुण्यांना मी चहाच्या आधी सांगतो. सोसायटीच्या गणपतीसाठी दीड मिनिटाची धून हवी होती, तर मी तिच्यात चेलो, ट्रॉम्बोन, टिंपनी आणि बायकांचा कोरस घातला. पेटी-ढोलकीत भागलं असतं. पण मग माझ्यात आणि भजनी मंडळात फरक तो काय?

लॅपटॉपला मात्र माझी थोरवी झेपत नाही. बफर, म्हणजे एका वेळी तयार करायचा आवाजाचा घास, 128 सॅम्पलवर ठेवला, तर सेकंदाला 44,100 सॅम्पलच्या दराने त्याला दर 2.9 मिलिसेकंदांना सगळ्या वाद्यांचं वाढप उरकावं लागतं. एक पान राहिलं की पंगतीत बोंब, म्हणजे स्पीकरमधून टर्रर्र. बफर 512 केला की 11.6 मिलिसेकंद मिळतात, पण बोट पुढे आणि सूर मागे. उपाय एकच: वऱ्हाड घरात उतरवायचं नाही. व्हिएन्ना एन्सेम्बल प्रोसारखा, वाद्यं सांभाळणारा वेगळा होस्ट प्रोग्रॅम घ्यायचा, वाद्यं त्यात, जमलं तर दुसऱ्या संगणकावर, मध्ये नेटवर्कची केबल. गाणं बदललं तरी वाद्यं पुन्हा लोड व्हायला नकोत. वाजवून झालेले ट्रॅक फ्रीज करायचे, म्हणजे तयार आवाज म्हणून साठवायचे, आणि कॉन्टॅक्ट या सॅम्पलरमधून न लागणारे सूर पर्ज करून, म्हणजे काढून टाकून, रॅम मोकळी करायची. आमचा दुसरा संगणक ओट्याशेजारी बसलाय. "मिक्सर लावू, की बीथोव्हेन झोपलाय?" असं घरातून विचारलं जातं.

मुंबईत फिल्मी रेकॉर्डिंगला हे वऱ्हाड खरोखरीचं यायचं. चर्चच्या शाळेत नोटेशन गिरवलेले गोंयकार त्यात पुष्कळ. संगीतकाराने चाल गुणगुणावी आणि सेबास्टियन डिसोझांसारख्या अरेंजरने ती व्हायोलिनच्या ताफ्यापुढे कागदावर मांडावी. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांनी तर 1958मध्ये आपले आणि पाश्चात्त्य वादक एकत्र बसवून इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. एवढा मोठा माणूस, पण लोकांना नाव ठाऊक झालं ते 1977मध्ये, 'अमर अकबर अँथनी'त अमिताभ अंड्यातून बाहेर आला तेव्हा. शिष्य प्यारेलाल यांनी गुरूचं नाव गाण्यात घातलं म्हणून निदान तेवढं तरी. बाकीच्यांची नावं तबकडीवरही नव्हती. हे आठवलं की माझं डोकं फिरतं, आणि धून लांबणीवर पडते.

कारण माझ्या लॅपटॉपमधल्या व्हायोलिनमागेही माणसंच आहेत. परदेशातल्या कुठल्याशा स्टुडिओत बसून कुणीतरी तोच एक सूर हळू, मग मध्यम, मग जोरात वाजवला. पुढचा सूर, पुन्हा तसंच. या सुरांची लायब्ररी जड होते ती त्या चिकाटीने. माझ्या पडद्यावर त्याचं नाव 'व्हायोलिन्स 1, सस्टेन'. धुनेखाली नाव माझं, ठळक अक्षरांत.

तर, तासभर येऊ शकेल असा हाडामांसाचा व्हायोलिनवादक कुणाच्या ओळखीत असेल, तर कळवा. मानधन रोख, वडापाव वेगळा, आणि फलकावर त्याचं नाव. माझ्या नावाच्या वर नाही, पण त्याच आकारात.